मांडी घालून बसलेली गॅलरी

"काढलं! पाहा वहिनी, पुन्हा काढलं पोरीले!"

रज्जूभाऊ नंदनवार माझ्या कानाशी ओरडले, पण त्यांच्या आधीच मी उभी झाले होते. चौथा क्वार्टर, आम्ही दोन पॉइंटनी पुढे, बॉल आमच्याकडे, आणि आमच्या कोचनं सलोनी उईकेला बाकावर बोलावलं. सलोनी म्हणजे नागपूर झपाटा या आमच्या बास्केटबॉल टीमची पॉइंट गार्ड. बॉल पुढे कसा न्यायचा, कोणाला द्यायचा, कधी थांबायचं, सगळं तीच ठरवते. तिला काढलं की उरलेल्या चौघी लग्नघरातल्या पाहुण्यांसारख्या इकडेतिकडे फिरत राहतात.

"मिलिंद! डोळे फुटले का तुझे?" मी ओरडले.

पुढच्या रांगेतले दोघं-चौघं वळून हसले. नवे असतील. जुन्यांना माहीत आहे की कोच मिलिंद गजभिये माझा नवरा आहे आणि गॅलरीतून त्याच्यावर सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडते. मी स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली आहे, आता ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि मॅचमध्ये मला एका जागी बसता येत नाही. पाय आपोआप हलतात. सासूबाई होत्या तोवर रोज त्यावरून बोलणी खायची.

मिलिंदनं वर पाहिलंच नाही. तो स्कोअरबोर्डाच्या शेजारच्या पाटीकडे पाहून राहिला होता. तिथं सलोनीच्या नावापुढं लाल आकडा होता: एकतीस. सलोनी टॉवेल डोक्यावर घेऊन बसली. रायपूरच्या पोरींनी पुढच्या चार मिनिटांत आमची चटणी केली आणि सेमीफायनलच्या तीन मॅचपैकी पहिली आम्ही घरच्या मैदानावर हरलो.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर कोर्ट भरलं.

"बाहेरगावी जिंकते, घरी हरते. अख्खा सीझन हेच चालू आहे," रज्जूभाऊ म्हणाले. त्यांचं सायकलींचं दुकान आहे आणि झपाटाची गॅलरी त्यांच्या इशाऱ्यावर चालते. "घरी आलं की सरांचे हातपाय गळतात. प्रेशर आहे, दुसरं काय?"

"प्रेशर नाही, भित्रेपणा आहे," मी म्हटलं. "पाटीवर लाल दिसलं की घाबरतो. कोच कायले पाहिजे मग? सिग्नलचा खांब उभा करा तिथं."

सगळे खूश झाले. मलाही बोलून बरं वाटलं. घरी जाईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं नाही.

*

ती पाटी म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी भानगड तिच्यापासून सुरू झाली.

लीगनं दोन सीझनमागे सगळ्या हॉलमध्ये नवी मैदानं बसवली. दिसायला साधी लाकडी, पण फळ्यांच्या खाली बारीक स्फटिकांच्या चकत्या. स्फटिक दाबला की त्यात किंचित वीज तयार होते. गॅसच्या लायटरमध्ये खटका दाबल्यावर ठिणगी पडते ती याच गुणामुळं. खेळाडूचा पाय पडला की खालच्या चकत्या दाबल्या जातात आणि कम्प्युटरला कळतं की पाय कुठं पडला, किती जोरात आणि किती वेळ टेकून राहिला. शेवटची गोष्ट महत्त्वाची. ताजा पाय जमिनीला लागला की लगेच उचलला जातो. थकलेला पाय क्षणभर जास्त रेंगाळतो. तो क्षण इतका छोटा की माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण मैदानाला कळतो. दुखऱ्या गुडघ्याचंही तसंच. गुडघा फाटायच्या बऱ्याच आधी तो पाय हळूच अंग चोरायला लागतो.

मग प्रत्येकीचा शंभरापैकी किती दम उरला त्याचा आकडा निघतो. चाळिसाच्या खाली गेला की लाल. हा आकडा आधी फक्त कोचला दिसायचा. मग लीगला वाटलं की प्रेक्षकांनाही दाखवावा, मजा येईल. मजा आली ना! आधी आम्ही भांडायचो ते नुसत्या तोंडानं, आता आकडे घेऊन भांडायला लागलो.

"तिला काढायची काय गरज होती?" जेवताना मी विचारलं. सलोनी वर तिच्या खोलीत होती. ती देवरीकडची, आईवडील तिकडंच, म्हणून सीझनभर आमच्याकडे राहते.

"एकतीस होते," मिलिंद म्हणाला.

"रायपूरच्या त्या उंच पोरीचे चौतीस होते. त्यांच्या कोचनं ठेवली."

"तिचा गुडघा, तो पाहील."

"मिलिंद, तुला स्वतःला काय दिसलं? थकली होती सलोनी?"

तो भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "मला ताजी दिसली."

"मग?"

"केतकीपण मला ताजीच दिसली होती."

केतकी त्याची आधीची पॉइंट गार्ड. तेव्हा असली मैदानं नव्हती. दमली का असं विचारल्यावर ती नाही म्हणाली, यानं तिच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला, आणि पुढच्याच उडीत तिचा गुडघा गेला. आता ती जिना चढताना कठडा धरते. मिलिंद अजून दर दिवाळीला तिच्या घरी जातो आणि येऊन दिवसभर कोणाशी बोलत नाही.

"प्रणिता, तू गॅलरीतून ओरडू शकतेस," तो म्हणाला. "तुझ्या ओरडण्यानं कोणाचा गुडघा जात नाही."

मला राग आला. मी ताट घेऊन उठले.

*

दुसरी मॅच रायपूरला होती. रज्जूभाऊंनी दुकानातल्या सायकली बाजूला करून मोठा पडदा लावला. मे महिना, कूलर नुसता गरम हवा फेकून राहिला होता, आणि सलोनी खेळली! अख्खा चौथा क्वार्टर खेळली. आकडा पासष्टच्या खाली आलाच नाही. आम्ही जिंकलो. लोकांनी सायकलींच्या घंट्या वाजवून कान किटवले.

"आता सांगा!" रज्जूभाऊ म्हणाले. "मैदान तेच, मशीन तीच, पोरगी तीच. तिथं पासष्ट आणि इथं एकतीस? सर घरी प्रॅक्टिसमध्ये पोरींचा जीव काढत असतील. दमवून आणतात मॅचला."

"अजिबात नाही. आदल्या दिवशी सुट्टी असते," मी म्हटलं.

"मंग तुम्हीच सांगा वहिनी, काय आहे ते."

प्रश्न अगदी बरोबर होता.

त्याच संध्याकाळी क्लबचे मालक देशकर साहेब टीव्हीवर बोलले. शांत माणूस, शब्द मोजून बोलणारा. तिसरी मॅच नागपुरात आहे, ती हरलो तर पुढल्या सीझनपासून क्लब कोच ठेवणार नाही, कोणाला कधी काढायचं-घालायचं ते मैदानच थेट ठरवेल, असं म्हणाले. "नाहीतरी आमचे कोच पाटी वाचूनच निर्णय घेतात. मध्ये माणूस कशाला?"

दुकानात टाळ्या पडल्या. सिग्नलच्या खांबाचं माझंच वाक्य चांगले कपडे घालून टीव्हीवर आलं होतं. मी चप्पल घातली आणि कोणाला न सांगता निघाले.

मिलिंदला बास्केटबॉलशिवाय काही येत नाही. लाइटचं बिल भरता येत नाही, भाजी आणायला पाठवलं तर कोहळा घेऊन येतो. पोरींना उभं करणं एवढंच त्याला येतं, आणि ते फार चांगलं येतं. हे मी त्याला कधी म्हटलं नव्हतं.

*

मॅचच्या दोन दिवस आधीची सकाळ. सलोनीच्या खाण्याचं सगळं वजन करून द्यायचं असतं, टीमच्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम. मिलिंद स्वयंपाकघरातल्या टेबलावर छोटा काटा ठेवून भाजलेले शेंगदाणे मोजत होता. मी समोर चहा घेऊन बसले होते. आम्ही बोलत नव्हतो.

"पाय हलवू नको," तो म्हणाला.

"तुला काय त्रास आहे माझ्या पायाचा?"

"काटा ठरून नाही राहिला. चाळीस, त्रेचाळीस, एकेचाळीस."

मी खाली पाहिलं. माझा गुडघा टेबलाच्या पायाला लागून हलत होता. मी थांबले, आकडा चाळिसावर थांबला. पुन्हा हलवला, आकडा नाचला.

"नाटकं बंद कर ना," मिलिंद म्हणाला.

"थांब." माझ्या हातातून चहा सांडला तरी मी उठले नाही. "मिलिंद, आपल्या हॉलची गॅलरी कशावर उभी आहे?"

"लोखंडी पायांवर. काहून?"

"आणि ते पाय?"

त्यानं शेंगदाण्याची वाटी खाली ठेवली. त्याला माहीत होतं, कारण काम चालू असताना तो रोज तिथं असायचा. नवं मैदान आलं तेव्हा जुनी गॅलरी हलायला लागली होती. ठेकेदारानं तिचे लोखंडी पाय मैदानाच्याच सांगाड्याला बोल्टनं आवळून टाकले. पक्कं झालं, सगळे खूश झाले.

"पण इंजिनिअर लोकांनी आवाज गाळायची सोय केली आहे," तो म्हणाला. "टाळ्या, शिट्ट्या, ढोल, काही मोजत नाही ते."

"कसं गाळतं ते? जे खेळाडूच्या पावलांशी जुळत नाही ते फेकून देतं. जे जुळतं ते तिचंच समजून ठेवतं. आणि आपली गॅलरी काय करते?"

मिलिंदनं वाकून टेबलाखाली माझ्या पायाकडे पाहिलं.

आमची गॅलरी दणका देते. हे दुसऱ्या कोणत्या गावात नाही. फार पूर्वी एका मॅचमध्ये लाइट गेली होती. सगळे थांबले, पण आमची एक पोरगी अंधारात बॉलचे टप्पे टाकत उभी राहिली, आणि रज्जूभाऊंच्या वडिलांनी त्या टप्प्यांवर पाय आपटायला सुरुवात केली. मग अख्खी गॅलरी आपटायला लागली. लाइट आली तेव्हाही थांबली नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे रीतच आहे: चौथ्या क्वार्टरमध्ये लाडक्या पॉइंट गार्डच्या हातात बॉल आला की तिच्या पावलाबरोबर पाऊल. ऐरागैरा असा दणका देऊ शकत नाही. सलोनी कधी वळणार, कधी थांबणार, सगळं पाठ असावं लागतं. आम्हाला पाठ आहे. हजार माणसं तिच्या पायाशी पाय जुळवतात, पण डोळ्यांनी पाहून आपटायचं म्हणजे पापणी लवण्याइतका उशीर होणारच. तो उशीर सांगाड्यातून खाली जायचा, आणि मैदानाला वाटायचं की सलोनीचाच पाय रेंगाळून राहिला.

आम्हीच तिला बाकावर बसवत होतो. जितकं प्रेम जास्त, तितका आकडा खाली. मी फिजिक्स शिकवते हो! अख्खा सीझन त्याच गॅलरीत पाय आपटत, नवऱ्याला शिव्या देत उभी होते.

दुपारी हॉलवर करून पाहिलं. सलोनी एकटी बॉल घेऊन पळाली: सत्त्याहत्तर. मग टीममधल्या बाकीच्या पोरी आणि मी गॅलरीत चढून तिच्या पावलावर दणका दिला, आणि आकडा बासष्टवर आला. आम्ही मूठभरच होतो.

सलोनी खालून ओरडली, "काकू, म्हणजे मी दमतच नव्हते?"

"नाही बेटा."

ती मैदानात उकिडवी बसून रडायला लागली. अख्खा सीझन तिला वाटत होतं की आपल्यातच काही खोट आहे. मिलिंद तिच्याजवळ गेला आणि नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

देशकर साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मॅचच्या आधी बोल्ट काढता येणार नाहीत, गॅलरी हलली तर माणसं मरतील. हवं तर प्रेक्षकांशिवाय खेळा.

"प्रेक्षक पाहिजेत," मी म्हटलं. "दणका नाही होणार. मी पाहते."

*

रज्जूभाऊंनी चाकात हवा भरता भरता सगळं ऐकलं. मग पंप बाजूला ठेवला.

"म्हणजे सर हरले ते आमच्या पायांमुळे?"

"तसं नाही भाऊ, सगळ्यांच्याच. माझ्यापण."

"वहिनी, राग नका मानू. परवापर्यंत तुम्हीच म्हणत होत्या की सिग्नलचा खांब उभा करा. आता नोकरी जाऊन राहिली तर दोष गॅलरीचा निघाला?"

"हॉलवर चला, दाखवते."

"कायले दाखवता? माझ्या बापानं सुरू केलेला दणका आहे. तो जिवंत असेपर्यंत एका मॅचले चुकला नाही. त्या आवाजानं पोरगी पळते. आणि तुम्ही म्हणता, तोच तिचे पाय धरते." त्यांनी पुन्हा पंप उचलला. "नवरा वाचवा ना, कोण नाही म्हणते? पण असा नका वाचवू."

मला इतकं झोंबलं की मी तिथंच भांडले, मोठ्यानं, रस्त्यावरची माणसं थांबली इतकं. काही उपयोग झाला नाही. मीच सीझनभर त्यांना शिकवलं होतं की कोचचं काही ऐकायचं नसतं.

*

तिसरी मॅच. हॉल खचाखच. मी नेहमीच्या जागी, रज्जूभाऊंच्या शेजारी. दोघांच्या मध्ये एक रिकामी जागा, जिथं कोणी बसलं नाही.

तीन क्वार्टर बरोबरीत गेले. चौथा सुरू झाला, सलोनीच्या हातात बॉल आला, आणि रज्जूभाऊंनी पाय उचलला.

धम्. धम्. धम्धम्.

पाटीवर सत्तर. मग साठ. मग एकोणपन्नास.

"थांबवा!" मी ओरडले. "रज्जूभाऊ, पाटीकडे पाहा!"

कोण ऐकतं? चव्वेचाळीस. खाली मिलिंदनं पाटीकडे पाहिलं, मग गॅलरीकडे. त्याला कारण माहीत होतं, तरी त्याचा चेहरा पांढरा पडला होता. लाल झालं आणि त्यानं ठेवली, आणि तिला काही झालं, तर? दुसरी केतकी. हे मला इतक्या वरून दिसलं.

मी रज्जूभाऊंचं मनगट धरलं. "भाऊ, एकदाच. तुमच्या वडिलांची शपथ घालते. हात वर करा. सगळ्यांना थांबवा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. चढला नाही आकडा, तर पुन्हा या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही."

बापाचं नाव काढलं म्हणून असेल, ते थांबले. त्यांनी हात वर केला. गॅलरीची सवयच अशी की तो हात वर गेला की सगळे पाय जागच्या जागी थांबतात.

त्रेपन्न. साठ. सहासष्ट.

रज्जूभाऊंनी हात खाली केला. धम् धम्. अठ्ठावन्न. हात वर. पासष्ट. त्यांनी पुन्हा एकदा केलं, कोणी शाळकरी पोर नळ उघडझाक करून पाहतं तसं. मग माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं.

"आयला," ते म्हणाले. "वहिनी, आता काय करायचं? पाय थांबत नाही हो. माझाच थांबत नाही."

माझाही थांबत नव्हता. मग मला एकच सुचलं. मी चपला काढल्या, बाकड्यावर पाय वर घेतले आणि पंगतीला बसतात तशी मांडी घातली.

रज्जूभाऊ पाहत राहिले. मग तेही बसले आणि मागं वळून गरजले, "मांडी घाला बे! सगळ्यांनी! पाय वर!"

आधी आमची रांग बसली, मग मागची, मग समोरची बाजू. सूटबूटवाले बसले, आज्ज्या बसल्या, एक जाडे गृहस्थ मांडी जमेना म्हणून पाय पोटाशी धरून बसले. हजार माणसं मांडी घालून, हात गुडघ्यांवर, आणि हॉलमध्ये फक्त बॉलचा टप्पा. सलोनीनं एकदा वर पाहिलं. तिला क्षणभर समजलंच नाही, मग ती हसली आणि सुटली.

तिनं काय खेळ केला म्हणून सांगू! एक आत घुसून, एक बाहेरून, एक पास तर पाठीमागून असा की रायपूरची पोरगी उलट्या दिशेला धावली. आम्ही दोन्ही हात तोंडावर दाबून बसलो होतो. सहा पॉइंटनी पुढे. आकडा हिरवा. मिलिंदनं पाटीकडे पाहणंच सोडलं होतं, तो मैदानाकडे पाहून राहिला होता. आमच्या लग्नाआधी तो असाच उभा राहायचा, कमरेवर हात ठेवून.

शेवटची काही मिनिटं उरली, आणि सलोनी रिंगला लागून परतलेला बॉल धरायला उडून खाली आली.

आकडा अठ्ठावीस. लाल.

गॅलरीत एक पाय हलला नव्हता.

"मशीन बिघडली," रज्जूभाऊ कुजबुजले. "खोटं दाखवते, आपण पाहिलं ना आता. राहू द्या तिले!" मागून आवाज उठले, "राहू द्या! राहू द्या!" देशकर साहेबसुद्धा खुर्चीतून उठून हातानं खूण करत होते, राहू दे म्हणून. मशीन खोटी आहे हे आम्हीच अख्ख्या हॉलला पटवून दिलं होतं. मीच.

मी सलोनीच्या पायांकडे पाहिलं. ती पळत होती, वेगात कमी नव्हती. पण थांबताना डावा पाय आधी टाकत होती. ती उजव्या पायावर थांबणारी पोरगी आहे.

मिलिंदनंही ते पाहिलं. आणि त्यानं वर पाहिलं, सरळ माझ्याकडे. इतक्या वर्षांत मॅच चालू असताना त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. तिला काढलं तर मॅच जाईल, त्याची नोकरी जाईल, आणि लोक म्हणतील की शेवटपर्यंत भित्राच राहिला. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. त्याच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता: तुला दिसलं का?

सीझनभर मी "ठेव तिला" म्हणून घसा फोडला होता. आता मी मांडी घातल्या जागी दोन्ही हात छातीशी फुलीसारखे धरले. खेळाडू बदलायची पंचांची खूण.

मिलिंदनं मान हलवली आणि सलोनीला बोलावलं.

*

आम्ही एका पॉइंटनी हरलो.

गॅलरीत जे ओरडणं सुरू झालं ते विचारू नका. रज्जूभाऊ माझ्याशी एक शब्द न बोलता चपला हातात घेऊन निघून गेले. सलोनी मिलिंदवर ओरडत होती, "मला काही झालं नव्हतं सर, काही नव्हतं झालं!" आणि तो ऐकून घेत होता. तपासणीत डॉक्टरीणबाईंनी तिच्या गुडघ्याचा फोटो दाखवला. आतली दोरी अर्धी उसवलेली होती. अजून एक उडी, एवढंच त्या म्हणाल्या. घरी आल्यावर सलोनीनं मिलिंदच्या ताटात भाकरी वाढली.

देशकर साहेबांनी शब्द पाळला. मिलिंदची नोकरी गेली. माझं म्हणणंही त्यांनी पाळलं, गॅलरीचे बोल्ट काढून तिला वेगळ्या खांबांवर उभं केलं.

तो आता आमच्या कॉलेजच्या पोरींना संध्याकाळी शिकवतो. पगार निम्मा. भाजीला पाठवलं की अजूनही कोहळा आणतो.

सलोनी पुढला सीझन उलटायला आला तेव्हा परत खेळली. आम्ही दोघं गेलो. मिलिंद आयुष्यात पहिल्यांदा गॅलरीत बसला, माझ्या आणि रज्जूभाऊंच्या मधल्या जागेत. रज्जूभाऊंनी त्याला सरकून जागा दिली, बोलले मात्र नाहीत. खाली आमच्या बाकाशी कोच नव्हता, फक्त पाटी होती. दुसऱ्याच क्वार्टरमध्ये पाटीनं एका चांगल्या खेळणाऱ्या पोरीला बाहेर बोलावलं, आणि माझ्या शेजारी कोणीतरी ताडकन उभं झालं.

"डोळे फुटले का तुझे?" मिलिंद पाटीवर ओरडला.

रज्जूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं आणि खो खो हसले. "सर, तिले डोळे नाहीत," ते म्हणाले. एवढ्या महिन्यांनी पहिलं बोलणं.

चौथ्या क्वार्टरमध्ये बॉल सलोनीकडे आला. सगळी गॅलरी गप्प. बोल्ट निघालेत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कोणाचा पाय उठेना. जिकडेतिकडे लोक मांडी घालून बसलेले. रज्जूभाऊंनी तर स्वतःचे गुडघे हातांनी दाबून धरले होते. माझे पाय शिवशिवत होते, पण मला धीर होत नव्हता.

सलोनी मध्यावर आली. उजव्या पायावर थांबली, चांगली पक्की थांबली. तिनं वर पाहिलं.

मिलिंदनं बूट घातलेला पाय उचलला आणि लाकडावर आपटला. ताल चुकला, त्याला कुठं दणका येतो? त्यानं पुन्हा आपटला.

"असा नाही सर," रज्जूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी मांडी सोडली.